संपदाशी बोला

भाईंदर पूर्व
४ मे २०२६

अभिनवराव,

पार्सल मिळालं. परत पाठवणार होते, पण कुरियरवाला म्हणाला, "आंटी, वापस ले जाना मेरा काम नहीं," आणि निघून गेला. म्हणून ठेवून घेतलं. खूश होऊ नका.

हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. बंगळूरच्या घरी टाकलं तर पहिलं रसिकाच्या हातात पडेल. तिला यातलं काही कळता कामा नये. ती आणि मी दोन वर्षं बोललेलो नाही, आणि का ते तुम्हाला कोणी सांगायला नको. दोघांनी कोर्टात जाऊन सह्या ठोकल्यात आणि आईला कळवलं नाहीत. माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न झालेलं मला केबिन रोडवर कळलं. साडीला फॉल लावणारी बाई भर दुकानात म्हणते, "घागताई, जावई आला आणि पेढे नाहीत?" मी म्हटलं, "कोणाचा जावई?" सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. ते मी विसरणार नाही.

तेव्हा तुमच्याशी मला बोलायचं काही नाही. पण तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत की ही खुनाची गोष्ट तुम्ही मराठीत लिहिलीय, ऑफिसातले सगळे छान छान म्हणतात आणि तुम्हाला तोंडावर खरं सांगणारं माणूस पाहिजे. आणि रसिका म्हणते की टीव्हीवर आई पहिल्या जाहिरातीच्या आत खुनी ओळखते. असं म्हणाली असेल तर बरोबरच म्हणाली.

तर सांगते. तुमच्या खेळाचं हे डबडं हातात नीट बसतं. माझ्या पोळीभाजीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा घेऊन बसते. बटणांत पीठ जातं, त्याला माझा इलाज नाही. तुमची माणसं नुसती उभी राहतात, डोळे मिचकावतात आणि खाली अक्षरं येतात. मी चौथी शिकलेय, अक्षर लावत लावत वाचते. पण बटण दाबेपर्यंत ती माणसं थांबतात, हे चांगलं आहे. टीव्हीवरचे मेले कोणासाठी थांबत नाहीत. मला पोलीस केलंत, तेही बरं केलंत.

आता दुसरं. तुमच्या गोष्टीत मेलेली वैजयंताबाई. फटकळ आहे, कमरेवर हात ठेवून वॉचमनला झापते, मुलीने परस्पर लग्न केलं म्हणून मुलीशी बोलत नाही आणि न्हाणीघरात मरून पडते. मी चौथी शिकलेय, आंधळी नाही.

रसिकाच्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांना हसून हसून ठसका लागला. "अगं, जावयाने तुला पहिल्याच पानावर उडवलं!"

"उडवू दे," मी म्हटलं. "कोणी उडवलं ते मीच शोधते."

ते शोधलंही. जावई उदय. दारात त्याची चप्पल सापडते, आदल्या दिवशी फोनवर भांडलेला असतो, आणि नजरेला नजर देत नाही. एवढ्यासाठी एवढा मोठा खेळ कशाला लिहिलात? उद्या त्याला पकडून टाकते आणि वस्तू परत पाठवते.

शेवंती बबन घाग


भाईंदर पूर्व
१३ मे २०२६

अभिनवराव,

तुमचा खेळ चुकीचा आहे.

मी उदयला पकडला. बेड्या घातल्या. तो रडला, त्याची बायको संपदा रडली, आणि मग सगळं काळं होऊन अक्षरं आली: खरा खुनी अजून बाहेर आहे. मी परत पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी फोनचं भांडण आधी त्याच्या तोंडावर मारलं आणि मग पकडला. परत तेच. रसिकाचे बाबा म्हणतात, "अगं, दुसऱ्या कोणाला तरी धर ना." मी म्हटलं, चोर बदलायला मी काय खरी पोलीस आहे?

पत्राला उशीर झाला, कारण दवाखान्यात खेपा चालू आहेत. रसिकाच्या बाबांचा गुडघा धरलाय. सकाळी जाऊन नंबर लावायचा आणि दुपारपर्यंत बसायचं. बाकावर सगळ्या बायका आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसलेल्या, मधे मी तुमचं डबडं घेऊन. शेजारी एक गुजराती बाई होती. थोडा वेळ तिने मान लांब करून बघितलं, मग विचारलं, "बेन, क्या पढती हो?"

"मर्डर."

"हाय हाय. किसने किया?"

"जमाई ने."

तिने डबडं माझ्या हातातून घेऊन उदयचं चित्र निरखून बघितलं. "ना रे ना. ये तो पानी भी पूछ के पीता होगा. देवर को देखो, देवर को!"

देवर म्हणजे तुमचा महिपत, वैजयंताबाईचा दीर. मी तिला म्हटलं, "बेन, उसने अग्नि दिया है. सिर मुंडाया है भाभी के लिए. ऐसे आदमी पे शक करते हैं क्या?"

"वो भी सही है," ती म्हणाली, आणि तिचा नंबर आला.

खरंच सांगते, महिपत हा तुमच्या गोष्टीतला एकच धड माणूस आहे. वहिनीला मुलगा नाही म्हणून त्याने अग्नी दिला, डोकं भादरलं, दहावं, बारावं, तेरावं सगळं केलं. पोलीस आले तर आधी पाणी विचारतो. आमच्याकडे असा माणूस असला तर लोक त्याचं नाव घेतील.

वैजयंताबाईच्या घरातल्या पोळीचं चित्र पापडासारखं आलंय. ते बदला.

आणि संपदाशी बोलायचं ते बटण मी दाबलं नाही. खेळ सारखा विचारतो, काय करायचं? घर बघा, उदयशी बोला, महिपतशी बोला, संपदाशी बोला. ती रडणार, दुसरं काय करणार? आई जिवंत असताना नाही आली आणि आता पोलिसात तक्रार करते की आई घसरून मेली नाही, मारलीय. तिच्याकडून मला काही ऐकायचं नाही. खुनी मी त्याच्याशिवाय काढते.

शेवंती घाग


भाईंदर पूर्व
२२ मे २०२६

अभिनवराव,

खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला कोणी पत्र लिहू नये.

तुम्ही सरळ विचारलंत, "बाकावर सगळ्या बायकाच होत्या असं लिहिलंत, मग बाबांचा गुडघा कसा?" मी तुमचं पत्र दुकानात उभ्याने वाचलं आणि तव्यावरची पोळी जळाली. दोन वर्षांत आमच्याकडच्या एका माणसाला कळलं नसतं ते तुम्ही बंगळुरात बसून काढलंत.

रसिकाच्या बाबांचा गुडघा चांगला आहे. दुखणं माझं आहे. अंगावरून जायचं थांबेना, म्हणून गेले. सोनोग्राफीत पिशवीत गाठ दिसली. पिशवी काढायला लागणार. ९ जून, मंगळवार, तारीख दिलीय. त्याआधी एक तुकडा तपासायला पाठवलाय. तो कसला निघतो ते अजून कळलं नाही. डॉक्टरीण बाई पोरगेलीशी आहे, पण नीट बोलते. म्हणाली, "मावशी, घाबरू नका, बहुतेक साधीच असते." बहुतेक हा शब्द मला आवडला नाही. पण मी घाबरलेली नाही. लिहिलं त्याच्यावर विश्वास ठेवा, परत शोध लावत बसू नका.

आता हे तुम्हाला कळलंय, म्हणून बजावते. रसिकाला सांगायचं नाही. सांगितलंत तर तुमचं तोंड बघणार नाही. आताही बघत नाही, पण तेव्हा कधीच बघणार नाही. आजारी आई म्हणून धावत येईल, पिशवी काढली की धावत जाईल. दया म्हणून आलेली पोर मला नको. यायचं तर यावंसं वाटलं म्हणून यावं.

आणि तुम्ही दुसरं लिहिलंत की संपदाशी बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही, तसा तो बनवलाय. हे तुम्ही मला खेळातलं सांगताय की माझ्या घरातलं? खेळातलं असेल तर आडमुठा खेळ आहे. पोलिसाला घर, प्रेत, चप्पल, फोन सगळं बघू द्यायचं आणि वर म्हणायचं की नाही, त्या पोरीपुढे जाऊन बसा. घरातलं असेल तर तुम्ही लहान आहात, गप्प बसा.

या आठवड्यात उदयला परत एकदा पकडला. तो आता बेड्या घालायला आपणहून हात पुढे करतो, असं मला वाटतं.

रसिकाचे बाबा बाजूला बसून बघत होते. त्यांच्याकडे बोलणं कमी. म्हणाले, "दाब ना ते बटण. चित्रच आहे. चित्राला काय घाबरतेस?"

मी त्यांना पिठाचा डबा आणायला पाठवलं.

शेवंती


भाईंदर पूर्व
३० मे २०२६

अभिनवराव,

बटण दाबलं.

आज शनिवार, आमच्या इंद्रलोक भागातल्या ऑफिसवाल्यांना सुट्टी, म्हणून दुपारीच दुकान रिकामं झालं. हात धुतले, पुसले, बसले आणि दाबलं. मनात म्हटलं, रड बाई, काय रडायचंय ते रड.

ती रडलीच नाही. तुम्ही तिला तसं लिहिलंय, हे बरं केलंत. ती म्हणाली, "मॅडम, मी नाशिकहून निघालेच होते. काकांना फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत आईला उचलू नका. ते हो म्हणाले. मी पोचले तेव्हा घर धुतलेलं होतं."

तिथे मी थांबले. घर धुतलेलं होतं. हे तुम्हाला कुठून सुचलं हो?

मग तिने सांगितलं की शेजारच्या बायका आंघोळ घालायला आल्या होत्या, पण महिपतने त्यांना आत घेतलं नाही. म्हणाला, उशीर होतोय, मी करतो सगळं. बाईमाणसाला शेवटची आंघोळ बायका घालतात. दीर घालत नाही. कितीही घाई असली तरी नाही. त्याला बायकांच्या नजरेला ते अंग पडू द्यायचं नव्हतं. कारण डोक्याच्या मागे जी खोक होती ती घसरून पडल्याची नव्हती, हे बायकांनी हात लावताच ओळखलं असतं. आणि लेक आली असती तर तिने तोंड बघितलं असतं, डोक्यावरून हात फिरवला असता. म्हणून लेकीसाठी थांबला नाही. एवढं सगळं वहिनीचं घर लाटायला.

मी महिपतला बोलावलं. ते भादरलेलं डोकं पुढे करून "पाणी आणू का मॅडम?" म्हणाला. घातल्या बेड्या. गोष्ट संपली. माझं चुकलं ते इथे. डोकं भादरलेल्या माणसावर संशय घ्यायचा नसतो, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्याच्यापायी एका गरीब जावयाला तीन वेळा आत टाकला.

खेळ संपला तरी मी तशीच बसले होते. एक गिऱ्हाईक "मौशी, दस चपाती" म्हणून ओरडून निघून गेलं.

९ तारखेला मला टेबलावर घेतील. काही होणार नाही, हे मला माहीत आहे. पण झालंच, तर रसिकाचे बाबा हबकून कोपऱ्यात बसतील. आणि बिल्डिंगमधले लोक घाईचे. उन्हाळा आहे, ठेवता येणार नाही, चला उचला. रसिका म्हणेल मी निघालेय. हो म्हणतील, आणि थांबणार नाहीत. त्यात कोणी खुनी नसेल. नुसती घाई असेल. पण तिला धुतलेलं घरच दिसेल.

दया म्हणून येईल की मनापासून येईल, याची चौकशी मी कुठवर करत बसू?

पत्र इथे ठेवते. फोन करून येते.

केला.

तिने उचलला. मीच म्हटलं, "ऐकू येतंय ना?"

"आई?"

"मग कोण? फोनवर नाव येतं ना?"

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबांना काय धाड भरलीय. माझं ऑपरेशन आहे. ९ तारखेला. पिशवी काढायचीय. तुला कळवायला फोन केलाय. आपल्याकडे कळवायची पद्धत असते."

हे शेवटचं मी मुद्दाम बोलले. आतल्या आत ठेवलं असतं तर मला झोप लागली नसती. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

"भांडून करायचं होतंस. माझ्यासमोर भांडून करायचं. मी चार दिवस जेवले नसते, पाचव्या दिवशी आले असते अक्षता टाकायला. त्या फॉलवालीकडून नको होतं मला कळायला."

तेव्हा ती रडली. मी नाही. रसिकाचे बाबा माझ्यामागे उभे राहून रडत होते, ते वेगळं. मग तिने विचारलं, गाठ कसली आहे, कधी कळलं, आणखी कोणाला माहीत आहे. मी खोटं बोलायला गेले नाही. म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला."

आता घरी तुमचं काय होईल ते तुमचं तुम्ही निस्तरा. एवढं मात्र मी तिला सांगितलं की मीच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं आणि तुम्ही ठेवलंत. तुम्ही सांगितलं असतंत तर ती त्याच दिवशी इथे आली असती, हे आता तिच्या आवाजावरून मला कळलं. म्हणजे तुम्हाला जड गेलं असणार.

शेवंती


भाईंदर पूर्व
७ जून २०२६

अभिनवराव,

रसिका मंगळवारी आली ते तुम्हाला माहीत आहे, पण फोनवर ती तुम्हाला खरं काय सांगते ते मला माहीत नाही, म्हणून मी लिहिते. आल्या आल्या भांडण झालं. तिने माझं औषध कपाटात कुठल्या तरी डब्यात नीट लावून ठेवलं आणि मला सापडेना. मी ओरडले, ती ओरडली. शेजारीण दार उघडून बघून गेली. तिला म्हटलं, "काही नाही, माझी लेक आलीय." असं मी मोठ्याने म्हणाले, म्हणजे जिन्यात ऐकू गेलं असेल.

तपासाचा कागद आला. गाठ साधी आहे. डॉक्टरीण बाईने "बहुतेक" काढून टाकला. पिशवी तरी काढायचीच आहे, पण आता ते काम नुसतं काम आहे. रसिकाने तो कागद दोनदा वाचला, मग डॉक्टरीण बाईकडून परत तोंडी वदवून घेतलं. दवाखान्यात ती माझ्या पुढे चालते आणि सगळ्यांना प्रश्न विचारते. मला मागे बसायला लावते. कोणावर गेलीय कोण जाणे.

तुमची गोष्ट आता ती खेळतेय. मी खुनी सांगितला नाही. ओठ दाबून बसलेय. ती आल्यापासून उदयच्या मागे लागलीय, मी मधे काही बोलत नाही. संपदाचं बटण मात्र तिने पहिल्या दिवशीच दाबलं आणि मग बराच वेळ खिडकीत जाऊन उभी राहिली. मी चहा टाकला.

तुम्ही विचारलंत की शेवटी संपदा एकटीच आईच्या फोटोपुढे बसते, ते फार दुःखी होतं का, बदलू का. बदलू नका. लोकांना भीती वाटू दे. घाबरले तर फोन करतील. पोळीचं चित्र मात्र बदला, ते अजून तसंच आहे.

आता काम. अधिक महिना चालू आहे, १५ तारखेला संपतो. तुमचं लग्न झाल्यापासून हा पहिलाच. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात, वाण द्यायचं असतं. तुमच्या घरी पाळतात की नाही मला माहीत नाही, आमच्याकडे पाळतात. मला डॉक्टरीण बाई ऑपरेशननंतर चुलीजवळ उभं राहू देणार नाही, म्हणून पुरण आजच शिजवून ठेवतेय. तळायचं काम रसिकाचं. बिघडले तर मला बोलायचं नाही, तुमच्या बायकोला बोला.

रजा टाका. विमानाने या, बसने या, तुमचं तुम्ही बघा. पत्र पोचायला उशीर होईल, म्हणून रसिकाला सांगितलंय की हे वाचून फोनवर सगळं तुम्हाला ऐकव. म्हणजे हे आता तिच्या आवाजात ऐकताय. वाचताना ती मधेच थांबली तर समजून घ्या आणि फोन ठेवू नका.

मंगळवारी सकाळी मला आत नेतील, दुपारपर्यंत बाहेर. शुद्धीवर आल्यावर पहिलं तोंड मला तुमचं बघायचं नाही. पहिली रसिका. मग तिचे बाबा, नाहीतर ते रुसतील. त्यांच्यामागे तुम्ही उभे राहा, मी बघते.

तुमची सासू,
शेवंती